व्याह्यांबरोबर लांबनाक्यांच्या नदीवर

खोलीत पलंग एकच होता. त्यावर टॉवेलला घड्या घालून केलेले दोन राजहंस चोचीला चोच लावून बसवले होते आणि त्यांच्याभोवती कुणीतरी लाल पाकळ्यांचा बदाम काढला होता. मी आणि माझे व्याही दारातच थबकून ते बघत राहिलो. व्याह्यांच्या डोक्याला पांढरी टोपी, अंगात नेहरू शर्ट, हातात बारामतीच्या कुठल्याशा कापड दुकानाची पिशवी. खोली दाखवायला आलेली मुलगी आमच्या तोंडाकडं कौतुकानं बघत उभी होती.

शेवटी व्याही म्हणाले, "पाव्हणं, ह्यातला तुमचा हंस कुठला?"

पोरांचं लग्न झाल्यापासून एवढ्या वर्षांत त्यांनी मला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न.

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या हद्दीत, किनाबतांगन नावाची एक गढूळ नदी आहे. तिच्या काठी लाकडी खांबांवर उभं केलेलं हे लॉज. सकाळी आणि दुपारी होडीतून नदीवर न्यायचं, झाडांवरचे प्राणी दाखवायचे आणि परत आणून जेवायला घालायचं, असा तिथला कार्यक्रम. बुकिंग माझ्या जावयानं सिंगापुरात बसून केलं होतं. मुळात ते दोन जोडप्यांचं होतं. पण बायकांनी मोबाईलवर जळवांचे फोटो पाहिले, आणि नातीजवळ कुणीतरी हवंच की, असं म्हणून दोघी सिंगापुरातच राहिल्या. जावयानं एक खोली रद्द केली. उरलेली खोली जोडप्याचीच होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मी बारामतीच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. मूळचा कऱ्हाटीचा. तिकडं सावलीला उभं राहायचं तर आधी बाभळ शोधावी लागते. तरीही 'विषुववृत्तीय वर्षावने' हा धडा मी सगळी नोकरीभर शिकवला. 'येथे रोज दुपारी चार वाजता पाऊस पडतो' हे वाक्य मी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारत असे. माझे व्याही पळसदेवचे. ऊस आहे, केळी आहे, साखर कारखान्याचे सभासद आहेत, आणि शेताच्या कडेला उजनीचं पाणी लागतं. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. मीही म्हणतो, पण बरीच वर्षं फक्त मनात.

आमचं बिनसलं ते लग्नाच्या दिवशीच. लग्न बारामतीत होतं. कार्यालयात माईकवर जो निवेदक होता त्यानं पाहुण्यांचं स्वागत करता करता 'उजनीच्या फुगवट्यावरून आलेल्या सर्व पाहुण्यांचं' स्वागत केलं. धरणामागं पसरलेल्या पाण्याला आमच्याकडं फुगवटाच म्हणतात, शब्दात वावगं काहीच नाही. पण नेमके त्याच क्षणी व्याही पोट पुढं घेऊन दारातून आत येत होते. सगळं कार्यालय हसलं. माझा मेहुणा तर खुर्चीवरून खाली यायचा राहिला. व्याही हसले नाहीत. हे मीच त्या माणसाला पढवलं, अशी त्यांची खात्री झाली, आणि ती काढायला मी कधी गेलो नाही, कारण काढायला गेलो असतो तर तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला असता.

पुढं नातीला पहिल्यांदा पळसदेवला आणलं तेव्हा त्यांनी जेवण ठेवलं. जेवणानंतर मला निरोप आला, गुरुजींना रोहित पक्षी दाखवा. एका माणसाबरोबर मला भर उन्हात होडीत घातलं. थोडं आत गेल्यावर होडी चिखलात रुतली. रोहित पक्षी लांबवर होते, गुलाबी खडूनं मारलेल्या रेघेसारखे. मी निम्मी दुपार तिथं वाळत बसलो. काठावरून व्याही हात हलवत होते. ते बोलावत होते की टाटा करत होते, ते मला अजून कळलेलं नाही.

एवढी पूर्वपीठिका असताना मला त्यांच्याबरोबर जंगलात पाठवलं, त्याला कारण होतं. सिंगापूरच्या विमानतळावर जावयानं मला बाजूला घेतलं. त्यानं आणि माझ्या मुलीनं तिकडं घर घ्यायचं ठरवलं होतं, कायम राहायचे कागदही झाले होते. थोडी वर्षं नोकरी करून परत येऊ, तो शेती बघेल, ती बारामतीत काहीतरी सुरू करेल, असं जे आजवर चाललं होतं ते संपलं होतं. "आबांच्या समोर माझं तोंड उघडत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगा. नदीवर निवांत असाल. तुमचं ते ऐकतील. आणि हिला कळू देऊ नका मी तुमच्याशी बोललो ते."

व्याह्यांनी आजवर माझा नमस्कारसुद्धा नीट ऐकलेला नव्हता. पण मी हो म्हणालो. विमानात खिडकीशी बसून मला खरं लागलं ते वेगळंच. माझ्या मुलीनं मला सांगितलं नाही. जावयानं सांगितलं, तेही दुसऱ्याला सांगण्यासाठी.

दुपारी होडीत बसवण्याआधी सगळ्यांना नारंगी जॅकेटं दिली. व्याह्यांच्या पोटावर पट्टा पोचेना. गाईडनं तो सैल केला, आणखी सैल केला, मग दुसरं जॅकेट आणलं, आणि शेवटी दोरी आणून बांधलं. तेवढा वेळ मी नदीकडं अत्यंत अभ्यासू चेहऱ्यानं बघत राहिलो.

बसल्या बसल्या व्याह्यांनी होडीला नावं ठेवायला सुरुवात केली. पत्रा पातळ, तळ उथळ, इंजिन नको तेवढं जड. असली होडी उजनीवर कुणी फुकट घेणार नाही. हे ते मला सांगत नव्हते, होडीला सांगत होते.

गाईड तिशीतला, नदीकाठच्याच गावातला. तो कायम कुजबुजत बोलायचा, आणि काहीही दिसलं की आम्ही नशीबवान आहोत असं सांगायचा. मगर दिसली, नशीबवान. खंड्या दिसला, नशीबवान. ओंडक्यावर घोरपड दिसली तेव्हाही नशीबवान. व्याह्यांच्या बांधावर घोरपडी लोळत असतात, त्यामुळं त्यांना आपण आजवर किती नशीबवान होतो याचा अंदाज येईना. आमच्या होडीत एक डच नवराबायकोही होती. त्यांच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सा ठिबकच्या मेन पाइपासारख्या. त्या इकडून तिकडं वळल्या की आम्हाला माना खाली घालाव्या लागायच्या.

पहिल्याच वळणावर लांबनाकी माकडं भेटली. झाडाच्या बेचक्यात नर बसला होता. पंगत उठल्यावर एखादा मानाचा पाहुणा कार्यालयाच्या खुर्चीत रेलतो, तसा. नाक भरताच्या वांग्यासारखं, ओठांच्या खाली लोंबणारं. पोट मांडीवर घेतलेलं. भोवती बायका-पोरांचा गोतावळा, आणि त्यातल्या एकाकडंही त्याचं लक्ष नव्हतं. गाईडनं कुजबुजत सांगितलं की, हे पोट पानं आंबवून पचवण्यासाठी असतं. गोड, पिकलेलं फळ त्याला चालत नाही. गोड जास्त खाल्लं तर पोट फुगून तो मरतोसुद्धा.

काय म्हणतो तो, अशा अर्थानं व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी भाषांतर केलं. त्यातला 'फुगून' टाळायला मला फार कष्ट पडले. पोटात वारं धरतं, असं काहीतरी म्हणालो. व्याह्यांनी त्या नराकडं जरा वेळ बघितलं.

"मग ह्याला कारखान्याचा सभासद करून उपयोग न्हाय," ते म्हणाले.

मला हसू आलं. ते मी खोकल्यात घातलं.

मग गाईडनं जरा अवघडत सांगितलं की, इथली जुनी माणसं याला डच माकड म्हणतात. पूर्वी इकडच्या बेटांवर जे डच साहेब यायचे, त्यांची नाकं लाल आणि पोटं सुटलेली असत, म्हणून. होडीतले डच गृहस्थ सभ्यपणे हसले. त्यांचं नाक मुळात भरपूर होतं आणि उन्हानं तांबडंलाल झालं होतं. मी भाषांतर केल्यावर व्याह्यांनी आधी माकडाकडं पाहिलं, मग डच माणसाकडं, मग स्वतःच्या पोटावरच्या दोरीकडं. आणि समाधानानं मान हलवली.

मी मात्र घड्याळाकडं बघत होतो. चार वाजले. कडक ऊन होतं. त्या दिवशीचा पाऊस आम्ही जेवायला बसलो तेव्हाच पडून गेला होता. माझा एकही विद्यार्थी त्या होडीत नव्हता, ही देवाची कृपा.

संध्याकाळी व्याह्यांनी दोन्ही हंस उलगडून त्यांचे टॉवेल केले, पाकळ्या खिडकीतून झटकल्या आणि पलंगाच्या मधोमध उशांचा बांध घातला. तो सरळ आहे का, हे त्यांनी दारापाशी जाऊन एक डोळा झाकून पाहिलं. सकाळी उठल्यावर त्यांचं म्हणणं, मी झोपेत बांध कोरला. मी म्हणालो, मोजणी आणा. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात निघालो. मी ठरवलं होतं की, आज सांगून टाकायचं. पण सुरुवात कुठून करायची? एका उंच झाडावर धनेशाची जोडी दिसली, मोठ्या पिवळ्या चोचीची. गाईडनं सांगितलं, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून भरवतो, पिल्लं मोठी होईपर्यंत. मला ही संधी वाटली. भाषांतरात मी माझी भर घातली की, एवढं करूनसुद्धा पिल्लं एकदा उडाली की मागं वळून बघत नाहीत, आणि आईबाप त्याचं वाईट वाटून घेत नाहीत. गाईडनं यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

व्याह्यांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं.

थोड्या वेळानं काठावर साधी माकडं दिसली, आपल्याकडं देवळाजवळ असतात तशीच. डच मंडळींनी कॅमेरे खाली ठेवले. व्याह्यांना मात्र एकदम रस आला. ही पोरं मोठी झाली की आईबापापाशी राहतात का, हे गाईडला विचारा, म्हणाले. मी विचारलं. गाईड म्हणाला, तरुण नर टोळी सोडून जातात, दुसरीकडं आपलं बस्तान मांडतात.

"बघा," व्याही माझ्याकडं रोखून बघत म्हणाले. "न्हाय ऱ्हात. त्यात कुणाचा दोष न्हाय."

मी चरकलो. यांना कुठून तरी वास लागला असणार. नाहीतर पळसदेवचा बागायतदार माकडांच्या कौटुंबिक जीवनात का शिरेल? मग वाटलं, तसं असतं तर ते गप्प बसले नसते. परतीच्या वाटेवर बगळ्यांचा थवा उडाला तर म्हणतात, "पाखरांचं असंच आसतंय, गुरुजी." मगर पाण्यात सरकली तर म्हणतात, तिचीही पिल्लं कुठंतरी गेलीच असतील. माझा अंदाज असा झाला की, त्यांना उष्णता बाधली. मी त्यांना लॉजवर नारळपाणी पाजलं.

दुपारच्या फेरीत हत्ती दिसले.

या नदीकाठी जो हत्ती आहे तो अंगानं लहान, गोल तोंडाचा. त्याच्यासाठी लोक जगभरातून येतात आणि बऱ्याचदा न बघता परत जातात. गाईडला फोन आला आणि तो पहिल्यांदाच कुजबुजायचं विसरून मोठ्यानं बोलला. आमची होडी सुसाट निघाली. वळणापलीकडं चार-पाच होड्या आधीच उभ्या होत्या, सगळे श्वास रोखून. काठावर पुरुषभर उंच गवत होतं, हिरवंगार, लांब पात्यांचं, आणि त्यात हत्तींचा कळप चरत होता. सोंडेनं जुडगा ओढायचा, पायावर आपटून माती झाडायची आणि तोंडात घालायचा. एक पिल्लू आईच्या पोटाखालून डोकं काढून बघत होतं. डच बाईंचे डोळे भरून आले होते. त्या हळूच म्हणाल्या की, या क्षणासाठी त्या कितीतरी वर्षं थांबल्या होत्या.

व्याही पुढं झुकून ते गवत बघत होते. "ऊस हाय की ह्यो," ते म्हणाले. मी गाईडला विचारलं. तो म्हणाला, रानऊसच म्हणायला हरकत नाही, उसाचाच भाऊबंद.

माझी चूक इतकीच की मी हे भाषांतर केलं.

व्याही उठून उभे राहिले. होडी डगमगली. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, डोक्यावर गरगर फिरवलं आणि रानडुकरं उसात शिरल्यावर रात्री पळसदेवच्या शिवारात जो आवाज निघतो तो त्यांच्या छातीतून निघाला. मी तो शब्दात लिहू शकत नाही. समोरच्या काठावरच्या झाडांतून पाखरं उठली. पिल्लू आईच्या पोटाखाली गेलं, आईनं सोंड उचलली, आणि सबंध कळप गवत मोडत, एकमेकांना ढकलत जंगलात दिसेनासा झाला. मागं नुसतं हलणारं गवत राहिलं.

मग जी शांतता पसरली, तिच्यात व्याह्यांना कळलं. ते हळूच खाली बसले आणि उपरण्याची घडी घालू लागले.

सगळ्या होड्यांतून लोक आमच्याकडं बघत होते. कुणीतरी दुसऱ्या होडीतून संतापून काही बोललं. डच गृहस्थ उभे राहिले आणि गाईडला इंग्रजीत म्हणाले की, या माणसाला ताबडतोब लॉजवर नेऊन सोडा, याला निसर्गाची काही किंमत नाही. डच बाई रडत होत्या. गाईडचा चेहरा पडला होता. आणि व्याही घडी घातलेल्या उपरण्याची पुन्हा घडी घालत होते. त्यांना शब्द कळत नव्हते, पण बाकी सगळं कळत होतं.

मला वाटलं होतं की अशा वेळी मला बरं वाटेल. उजनीवर होडीत वाळत घातल्याचा हिशेब मनात कुठंतरी होताच. पण त्यांची ती खाली गेलेली मान बघून माझं डोकं फिरलं. मीही उभा राहिलो. होडी पुन्हा डगमगली. वर्गावर बोलायचो त्या आवाजात, जमेल त्या इंग्रजीत मी सांगितलं की, हा माणूस शेतकरी आहे, जनावर उसात दिसलं की यांचा हात आधी उठतो आणि विचार मागून येतो, यांनी मुद्दाम केलेलं नाही, आणि यांना लॉजवर सोडायचं असेल तर मीही जाणार, कारण हे माझे...

इथं अडलो. व्याही याला इंग्रजीत शब्द नाही. भाऊ नाही, मित्र तर नाहीच. "माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील," मी म्हणालो. ते फारच लांबचं नातं वाटलं. डच गृहस्थ बोटांवर हिशेब करू लागले.

गाईडचा चेहरा एकदम उजळला. "बेसान!" तो म्हणाला. त्यांच्या मलय भाषेत पोरापोरींचे आईबाप एकमेकांचे बेसान लागतात. आम्ही दोघं नेमकं कोण, हे कोडं लॉजवर सगळ्यांनाच पलंगावरच्या हंसांपासून पडलेलं होतं, ते सुटलं. त्यानं बाकीच्या होड्यांना ओरडून सांगितलं, बेसान, बेसान, आणि त्या होड्यांतले गाईड हसायला लागले. मग आमच्या गाईडनं डच मंडळींना समजावलं की, बेसानवर रागवून उपयोग नसतो, बेसान म्हटलं की असं चालायचंच. त्याचे वडील आणि त्याचे सासरे एका होडीच्या इंजिनावरून भांडले होते आणि आता एकाच मशिदीत दोन टोकांना बसतात.

"काय म्हणतोय?" व्याह्यांनी हळूच विचारलं. "बेसन कशाला मागतोय?"

"बेसान म्हणजे त्यांच्यात व्याही," मी म्हणालो.

"पिठल्याचं पीठ करून ठेवलं व्हय आपलं," ते म्हणाले, आणि मला आवरेना. मी हसत खाली बसलो. ते वेड लागल्यासारखं माझ्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांचं जॅकेट हलायला लागलं. आम्ही दोघं होडीच्या मधोमध बसून तोंडावर उपरणं धरून हसलो. डच गृहस्थांनी पाठ फिरवली.

हत्ती गेले नव्हते. जरा पुढच्या वळणावर तसलंच गवत होतं, तिथं ते पुन्हा बाहेर आले, तोंडं हलवत, जणू काही झालंच नव्हतं. डच बाईंना हवे तेवढे फोटो मिळाले. तेवढा वेळ व्याह्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

परतताना पाऊस आला. मुसळधार, नदी आणि आकाश एक करणारा, आणि वेळ कुठलीही होती पण चारची नव्हती. गाईडनं होडी एका झाडाखाली घेतली आणि सगळ्यांना प्लास्टिकचे अंगरखे दिले. व्याह्यांच्या मापाचा नव्हता. मी माझा फाडून उघडला आणि दोघांच्या डोक्यावर धरला. त्याच्याखाली आम्ही अगदी चिकटून बसलो होतो. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, असं मला वाटलं.

"आबा, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"मला बी," ते म्हणाले. "पर तुमी मास्तर, तुमी आदी."

मी सांगितलं. पोरांनी तिकडंच घर घ्यायचं ठरवलं, कागद झाले, परत येणार नाहीत. पाऊस एवढा वाजत होता की मला ओरडून सांगावं लागलं. व्याही पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हे तुमाला कुणी सांगितलं?"

"जावयांनी. विमानतळावर. म्हणाले, आबांना तुम्ही सांगा."

"मला तुमच्या लेकीनं सांगितलं. त्याच दिशी. म्हणली, आमच्या पपांना तुमीच सांगा आबा, त्यांना लई लागंल." ते थांबले. "मी सकाळपास्नं माकडावरनं सुरुवात करतोय, तुमी ध्यानात घेईना."

मी धनेशावरून केली होती, ते त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. मुलीनं माझ्या मनाचा विचार केला होता, फक्त तो माझ्याजवळ बोलण्याऐवजी यांच्याजवळ बोलून दाखवला होता. यात बरं वाटावं की वाईट, ते मला ठरवता येईना.

"माझं पोरगं मला भितंय व्हय?" व्याह्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

मी म्हणालो, माझी मुलगीही मला भिते असं दिसतंय.

"तुमाला कोण भील," ते म्हणाले.

नंतर बराच वेळ ते नुसते बोलत होते. मुलगा शिकायला गेला तेव्हाच त्यांना कळलं होतं. तरी दर वर्षी उसाच्या लागणीच्या वेळी मनात म्हणायचे, हा तुटून ह्याचा खोडवा निघाला की येईल. विहिरीवर मोटर बदलली ती त्याला चालवायला सोपी म्हणून. घराला वरचा मजला चढवला तो सुनेला शहरासारखं वाटावं म्हणून, आणि तिथं आता कांदा पसरतात. हे सांगताना त्यांना रडू वगैरे आलं नाही. शिवाराची पाहणी करून आल्यासारखं ते एकेक सांगत गेले. मी प्लास्टिक धरून होतो. माझे हात भरून आले होते, पण खाली घेतले नाहीत.

सिंगापूरला परतताना विमानात व्याह्यांनी ठरवलं की, कुणाला काही सांगायचं नाही. बघू किती दिवस कळ काढतात. जावयानं मला हळूच विचारलं, सांगितलं का? मी म्हणालो, जमलं नाही, संधी मिळाली नाही. तिकडं मुलगी व्याह्यांना विचारत होती, त्यांनीही तेच उत्तर दिलं. मग दोघांनी आम्हाला संधी मिळवून द्यायचा धडाका लावला. आज दोघं पक्ष्यांची बाग बघून या. उद्या दोघं मत्स्यालय. परवा दोघांसाठी बोटीतली मेजवानी. आम्ही सगळीकडं गेलो, सगळीकडं व्यवस्थित खाल्लं आणि संध्याकाळी पडल्या चेहऱ्यानं परत आलो.

हे बंद केलं माझ्या बायकोनं. एका रात्री जेवायला वाढता वाढता ती पोरांना म्हणाली, या दोघांना सगळं ठाऊक आहे, उगाच तिकिटं काढू नका. तिला आणि विहीणबाईंना तर आमच्या आधीपासून ठाऊक होतं. मुलगी ताट बाजूला सारून माझ्याजवळ येऊन बसली आणि रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला सुचलं ते एवढंच की, आपल्या माणसाशी बोलायला पुन्हा वकील देऊ नकोस. व्याही मुलाकडं न बघता आमटीकडं बघत म्हणाले, "घर घेतोयस तर खोली एक जास्तीची घे. मला उन्हाळ्यात यायला बरं पडंल." जावई उठून आत गेला आणि जरा वेळानं तोंड धुऊन बाहेर आला.

आता व्याही बारामतीला आले की आमच्याकडंच जेवतात, आणि माझ्या बायकोच्या भाजीला नावं ठेवतात. ऊस कमी करून ते थोडं रान वाट्यानं देणार आहेत. त्याबद्दल ते मला सल्ला विचारतात आणि तो ऐकत नाहीत.

परवा मी एसटी स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत होतो. पळसदेवचा एक ओळखीचा माणूस शेजारी येऊन बसला. त्यानं विचारलं की, आबा गावात सांगतात ते खरं का. परदेशात हत्तींचा कळप होडीवर चालून आला, होडीतल्या गोऱ्या बाया रडायला लागल्या, गुरुजींची बोबडी वळली, आणि आबांनी एकट्यानं नुसत्या आवाजावर हत्ती परतवले. म्हणाला, गावात निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत.

मी म्हणालो, खरं आहे. मी तिथंच होतो.